हमीदभाईंच्या दुकानाचं नाव

हमीदभाईंचा ऐन गणपतीतला धंदा बुडवायला निघालेला माणूस मीच, हे आधीच कबूल करतो. नंतर कोणी शोधून काढण्यापेक्षा बरं.

मी रत्नागिरीत हायस्कूलला विज्ञान शिकवतो. मध्यंतरी शाळेत ग्राहक संरक्षण कायद्यावर एक व्याख्यान झालं आणि त्या दिवसापासून मी माणूस राहिलो नाही, ग्राहक झालो. आमची सुलभा वैतागायची.

"अहो, कोथिंबिरीच्या जुडीचं पक्कं बिल कुठे मागतात का?"

"हक्क आहे तो आपला!"

"हक्क राहू दे, ती मावशी आता मला बघून टोपली झाकते!"

त्यात मी क्रेडिट कार्ड घेतलं. (पहिल्या बिलावर 'किमान देय रक्कम' वाचून बँकेच्या मनाच्या मोठेपणावर मी वर्गात दहा मिनिटं बोललो होतो. पुढच्या बिलातलं व्याज बघितलं आणि तो धडा पुन्हा घेतला नाही.) तेव्हापासून बिल आलं की मी लाल पेन घेऊन बसतो. पेपर तपासायची सवय, दुसरं काय!

श्रावणाच्या आधीचं बिल तपासताना एका ओळीवर पेन अडलं. 'मरियम ओव्हरसीज, मुंबई', चार हजार सातशे पस्तीस रुपये.

"सुलभा! दरोडा! मुंबईत कोणीतरी आपलं कार्ड वापरलंय!"

"तुम्ही मुंबईला कधी गेलात?"

"तेच तर! आणि नुसती मुंबई नाही, ओव्हरसीज! म्हणजे समुद्रापार! पैसे देश सोडून गेले!"

सुलभाने बिल हातात घेतलं. "यात आपला मिक्सर दिसत नाही. हमीदभाईंकडून घेतला तो. त्यांना पैसे मिळाले का, विचारा तरी."

हमीदभाई म्हणजे आमच्या नाक्यावरचे. कुवेतहून परत आल्यावर त्यांनी घरगुती सामानाचं दुकान टाकलं. मिक्सर त्यांच्याकडूनच घेतला होता, बेचाळीसशेचा, आणि मी मोठ्या ऐटीत त्यांच्या मशीनवर कार्ड टेकवलं होतं. बिलात बेचाळीसशे कुठेच नव्हते. आता इथे माझ्या मनात काय आलं ते सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला झोप लागत नाही. मनात आलं, नाही आलं बिलात तर नाही आलं. आपण कशाला तोंड उघडा?

"बँक बघून घेईल," मी म्हणालो.

आणि ज्या बाबतीत तोंड उघडायला नको होतं, तिथे ते पूर्ण उघडलं. बँकेला फोन लावला, कार्ड बंद केलं, तक्रार नोंदवली, वर कायदा ऐकवला. बँकेने चौकशी होईपर्यंत रक्कम माझ्या खात्यात परत जमा केली. मी शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले. जागरूक ग्राहकाचा विजय!

गणपती तोंडावर आले. चाकरमानी उतरायला लागले. आणि एका दुपारी हमीदभाई स्वतः आमच्या दारात. चेहरा उतरलेला, हातात बँकेचा कागद.

"मास्तर, तुम्ही कायद्याचे जाणकार. वाचवा मला."

"बसा, बसा. काय झालं?"

"कोणा मेल्याने माझ्यावर खोटी तक्रार केली. सामान घेऊन गेला आणि बँकेला सांगतो, मी घेतलंच नाही! बँकेने माझ्या मशीनचे सगळे पैसे अडवून ठेवलेत. माळा, तोरणं, मखराचं सामान, सगळं व्यापाऱ्याकडे पडून आहे. पैसे दिल्याशिवाय सोडत नाही तो. गणपतीवर माझं वर्ष चालतं, मास्तर!"

माझं रक्त उसळलं. व्याख्यानानंतर पहिल्यांदाच कोणी माझा सल्ला आपणहून मागत होतं!

"सुलभा, चहा टाक! हमीदभाई, घ्या लिहून. सदर ग्राहक हा अत्यंत लबाड..."

"लबाड," हमीदभाई लिहू लागले.

"...आणि कष्टकरी दुकानदाराच्या पोटावर पाय देणारा..."

"मास्तर, जरा सौम्य लिहू या का? त्यालाही बायकापोरं असतील."

"अजिबात नाही! पुढे लिहा, निर्लज्ज!"

आत सुलभा चटणी वाटत होती. नव्या मिक्सरचा आवाज असा, की मला 'निर्लज्ज' दोनदा ओरडून सांगावं लागलं.

"आता पुरावा जोडू. काय नेलं होतं त्याने?"

हमीदभाईंनी बिलबुक काढलं. "नाव नाही लिहिलेलं. ओळखीच्या माणसाचं नाव काय लिहायचं? पण त्या दिवसाचं, त्या रकमेचं हे एकच बिल आहे. मिक्सर एक. छत्र्या दोन. कुकरची रिंग एक. एकूण चार हजार सातशे पस्तीस."

मिक्सर बंद झाला. चटणीचा हात घेऊन सुलभा दारात उभी.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "छत्र्या आपण दोनच घेतल्या होत्या ना?"

मी घसा खाकरला. "हमीदभाई, तुमच्या दुकानाचं नाव काय हो?"

"मरियम ओव्हरसीज. आईचं नाव. खातं मुंबईच्या भावाकडे उघडलेलं, म्हणून मुंबई येतं."

"पण ओव्हरसीज?"

"मीच की! कुवेतला नव्हतो?"

"बोर्ड कुठाय?"

"आहे की. पागोळ्यांसाठी निळं प्लास्टिक बांधतो ना, त्याच्या मागे. तसंही वाचतो कोण? सगळे हमीदभाईंचं दुकानच म्हणतात."

मी बँकेला फोन लावला. पलीकडच्या मुलीने विचारलं, "म्हणजे आपली फसवणूक झालेली नाही, असं आपण म्हणता?"

"झाली आहे. पण ती मी केली आहे."

तिने मला बराच वेळ गाणं ऐकवलं.

तक्रार मागे घ्यायला अर्ज, अर्जाला सही, सहीला ओळखपत्र! मी रोज शाळेतून थेट बँकेत. शेवटी पैसे सुटले आणि गणपतीच्या आधी माळा दुकानात लटकल्या. हमीदभाई हसून म्हणाले, "जाऊ द्या मास्तर, चुकून झालं."

हे 'चुकून' मला गिळवेना. चतुर्थीच्या आदल्या दिवशी, दुकानात गिऱ्हाइकांची ही गर्दी असताना, मी गल्ल्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"हमीदभाई, माफी मागायला आलोय."

"मागून झाली की!"

"ती निम्मीच होती," मी म्हणालो. "मिक्सरचे पैसे तुम्हाला मिळालेच नाहीत असं समजून मी गप्प बसलो होतो. बँकेला फसवलं ते चुकून, हमीदभाई. तुम्हाला मुद्दाम फसवत होतो, फक्त ते मला जमलं नाही. माफ करा."