‘आमच्या’ म्हणजे कोण

‘थांब,’ बाई म्हणाल्या.

मी थांबले. प्रार्थनेची पहिली ओळही पुरी झाली नव्हती. सगळ्यांचे डोळे मिटलेले. बाईंचे उघडे.

‘आपल्या नाही. आमच्या म्हण. हे आमच्या स्वर्गातील पित्या. आपल्या म्हणजे तुझ्या नि माझ्या. तुझा नि माझा बाप एक कधीपासून झाला गं?’

लोक हसले. डोळे मिटूनच हसले. प्रार्थना चालवणारे पाळकसाहेबही हसले असावेत, कारण ते उगीच खोकले.

मी सोळा वर्षांची होते. त्या रविवारी आम्हा तिघींना प्रभुभोजनात घेणार होते. म्हणजे त्या दिवसापासून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा पेला आमच्याही हाती येणार होता. त्याआधी एकेकीने मंडळीसमोर उभं राहून ही प्रार्थना म्हणायची. दोघींची झाली होती. मला ती लहानपणापासून पाठ. पण घरी बाप ‘आपल्या’ म्हणायचा. आमच्या घरात सगळं आपलंच. आपली बकरी, आपली भाकर, आपला देवबाप. तेच तोंडात बसलेलं, तेच निघालं.

‘म्हण ना. वाचा गेली?’

खरंच गेली. पायांवरून काहीतरी गरम ओघळलं. खाली सारवलेली जमीन होती. आदल्या दिवशी मीच सारवली होती. एकाने डोळे उघडले. मग सगळ्यांनीच उघडले.

‘पुसून घे ते,’ बाई म्हणाल्या. ‘आणि बाहेर जाऊन बस.’

मी पदराने पुसलं. बाहेर बसले. आत पेला फिरत होता, कोणी खाकरत होतं, सगळं ऐकू येत होतं.

आमचं गाव आर्वी तालुक्यातलं, रोहण्यापासून पायी तासाभराचं. आम्ही मांग. बाप शिंदीचे फडे बांधायचा, गावभर आमच्याच फड्यांनी झाडलोट व्हायची. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला होता. बाई म्हणजे शाळेच्या हेडमास्तरांची बायको. त्यांच्याही आजोबांनी बाप्तिस्मा घेतलेला. पण ते वरच्या जातीतून आले होते आणि घरात कोणी ते विसरलं नव्हतं. प्रार्थनेला ते पुढे बाकांवर बसत. आम्ही दाराशी, तरटावर. असा नियम कोणी केला नव्हता, म्हणून तो कोणाला बदलताही येत नव्हता.

मी त्याच शाळेत चौथीपर्यंत शिकले. मग बाईंकडे झाडायला लागले. अंगण, गोठा, मागची सांदवाडी म्हणजे परस. ओट्यावर पाय ठेवायचा नाही.

त्या दिवशी घरी जाताना आमच्या तरटावरची म्हातारी आत्या माझ्या कानाशी लागली. ‘रडतं काऊन वं? बाईचा बाप तं अमरावतीले पेन्शन खाऊन राह्यला. तो कोणाले पाह्यजे?’

मला हसू आलं नाही. घरी बापाने आधी दार लोटलं. मग म्हणाला, ‘उद्या माफी मांगजो बाईले. आपल्याले इथंच राह्यचं हाये, पोरी.’

पाटील समोरून आला की माझा बाप वहाणा काढून हातात घ्यायचा. स्वर्गातला बाप म्हटलं की मला तोच दिसे, वहाणा हातात घेऊन वाटेच्या कडेला उभा. म्हणून देवाची भीती मला कधी वाटली नाही. बाईंची वाटायची. त्यांच्या चपलांचा आवाज आला की मी झाडलेलंच पुन्हा झाडायला लागायची.

दुसऱ्या दिवशी त्या ओट्यावरूनच म्हणाल्या, ‘पुढच्या महिन्यात परत उभी राहा. आधी मंडळीसमोर माझी क्षमा मागायची. मग प्रार्थना. तोवर घोकत राहा. आमच्या, आमच्या.’

मी घोकलं. झाडता झाडता घोकलं. आणि घोकता घोकता बाईंचं बोलणं कानावर पडत राहिलं. आमची विहीर आहे ती, लांब हो. आमचा पेरू आहे, हात लावू नको. आमच्यात असं चालत नाही. दिवसातून पन्नास वेळा. आमचं म्हणजे काय ते मला नीट कळलं. आमचं म्हणजे ज्याच्याशी बोलतो तो सोडून.

बाई माझ्याशी बोलत, म्हणून मी सुटायची.

आणि प्रार्थनेत?

फडा हातातच राहिला. प्रार्थनेत आपण देवाशी बोलतो. मग सुटतो तो देव. तो एकटा पलीकडे. अलीकडे राहिलेले सगळे आम्ही. बाई, मी, आत्या, माझा बाप, हेडमास्तर. शब्द बाईंनीच दिला होता. शब्द बरोबरच होता.

काहीतरी चोरून पदराखाली धरलंय असं वाटायला लागलं. कोणाला सांगितलं नाही.

महिना भरला. मी उभी राहिले. बाप तरटावर मान खाली घालून बसला होता.

पाळकसाहेब म्हणाले, ‘आधी क्षमा माग, बाळ.’

लुगड्याची गाठ मी मुठीत धरली आणि प्रार्थनाच सुरू केली. ‘आमच्या’ हा शब्द एवढ्या मोठ्याने निघाला की मीच दचकले. शेवटच्या आमेनपर्यंत थांबले नाही.

‘क्षमा राहिली,’ बाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच सरळ पाहिलं. म्हटलं, ‘बाई, देवाशी बोलून राह्यलो ना आपण. मंग तो तिकडे. तुम्ही अन् मी इकडेच. आमच्यात तुम्हीबी हाय.’

कोणी हसलं नाही.

बाई उठून उभ्या राहिल्या. ‘हिला पेला दिलात, तर आमच्या घरातलं कोणी त्याला तोंड लावणार नाही.’

पाळकसाहेबांनी एकदा बाकांकडे पाहिलं, एकदा तरटाकडे. पेला माझ्यापर्यंत आला नाही.

बाईंकडचं काम गेलं. बाप आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. पुढे ते पाळकसाहेब बदलून गेले, नवे आले. तेही महिन्याच्या महिन्याला विचारतात, ‘क्षमा मागतेस का?’

‘नाई.’

‘मग पुढच्या महिन्यात पाहू.’

मी अजून भिते. प्रत्येक वेळी भिते. पण आता मी तरटावर बसत नाही. बाईंच्या मागच्या बाकावर बसते. त्या बाकावर दुसरं कोणी येत नाही. पेला माझ्यापुढून जातो, मी पाहते. जो चुकला नाही त्याने क्षमा मागायची नाही, एवढं मला ठरवून झालंय. उठूनही जाणार नाही. मला तिथून उठवायचं असेल तर कोणाला तरी माझा हात धरावा लागेल. म्हणजे आधी मला शिवावं लागेल.