दोन चमचे इसबगोल आणि पळीभर तीर्थ

लिहून दिलेली चिठ्ठी औषधाशिवाय परत आली, असं माझ्या बावीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये एकदाच झालं.

शिवाप्पा ती चिठ्ठी फडकावत थेट केबिनमध्ये घुसले. परळीत त्यांचं भुसार मालाचं दुकान आहे. मागे त्यांची आई, अक्का, भिंत धरून उभ्या होत्या.

"डॉक्टर, तुमची मेडिकलवाली गोळ्या देत न्हाई! म्हणती, आदी सरांना भेटा. हितं चिठ्ठी कुणाची चालती, तुमची का तिची?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू? बाहेर तीस पेशंट ताटकळत होते आणि सुनीता मला शिकवायला निघाली होती. सुनीता म्हणजे आमच्या दवाखान्याखालच्या मेडिकलची फार्मासिस्ट. सिरसाळ्याहून रोज एसटीने येते. बोलते कमी, विचारते फार.

अक्कांची तक्रार महिन्याभराची. मोशन साफ होत नाही. पहिल्या खेपेला मी इसबगोल दिलं. दुसऱ्या खेपेला एकाचे दोन चमचे केले. आता आठवा दिवस कोरडा गेला होता. पोट गच्च, जेवण बंद, चेहरा सुकलेला. शिवाप्पा म्हणाले, "जालीम द्या कायतरी." मी जालीम लिहून मोकळा झालो.

बद्धकोष्ठावरची औषधं ढोबळमानाने तीन तऱ्हांची. इसबगोलसारखी, पाण्यात फुगून मळाला मऊ आकार देणारी. काही सिरप आतड्यात पाणी ओढून मळ सैल करतात. आणि काही गोळ्या आतड्याला चिमटा काढून हलवतात. मी लिहिल्या होत्या त्या चिमट्याच्या.

सुनीता मागोमाग वर आलीच.

"सर, दोन मिनिटं. अक्का, तुमी इसबगोल कसं घेता, ते सरांना सांगा बरं."

"कसं म्हंजे? सकाळी पूजा झाली की तळहातावर घेते, वरून तीर्थाची पळी. औषध देवानंच दिलेलं, मग तीर्थासंगंच घ्यायचं की."

"आणि वर पाणी?"

"तीर्थावर लगीच पाणी कावून पिऊ? जप होतो, मग च्या घेते. गुडघे वाकत न्हाईत, संडास अंगणाच्या पल्याड. पाणी मी कमीच पिते."

मी पेन खाली ठेवलं. पेलाभर पाण्यात घ्यायचा भुसा अक्का चमचाभर पाण्यावर घेत होत्या. तो आत लगद्यासारखा बसणार. आणि मी डोस दुप्पट केला होता! रोग्याने पथ्य मोडलं असतं तर मी रागावलो असतो. इथे तर अक्कांनी एक दिवस चुकवला नव्हता.

टेबलावर झोपवून तपासलं. आधीच तपासायला हवं होतं. उलटी नव्हती, गॅस सरत होता, म्हणजे आतडं पुरतं बंद नव्हतं. पण शेवटाला खड्यासारखा मळ अडकला होता. पुढे बूच आणि मागून चिमट्याची गोळी! अक्का कळवळल्या असत्या. आतड्याला इजाही होऊ शकली असती.

मी चिठ्ठी फाडली. सिस्टरने एनिमा दिला, दुपारी पुन्हा एकदा. संध्याकाळी अक्का आपणहून सुनीताला म्हणाल्या, "पोरी, भूक लागली." शिवाप्पा बाकावर बसून डोळे पुसत होते. सकाळचा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

इसबगोल बंद केलं. पाणी ओढणारं सिरप लिहिलं. पण पाणीच नसेल तर ते तरी काय ओढणार? मी अक्कांना तीर्थ वेगळं, औषध वेगळं, असं समजावू लागलो. त्यांनी तोंड फिरवलं.

सुनीताने पाण्याने भरलेला तांब्या आणला.

"अक्का, ह्यात पळीभर तीर्थ टाकलं तर तीर्थाचं पाणी होतं का पाण्याचं तीर्थ?"

अक्का म्हणाल्या, "पाण्याचं तीर्थ. त्याच्यात काय इचारायचं?"

"मग सांडायचं न्हाई. दिवसभरात तांब्या संपवायचा. असे रोज दोन."

अक्का हसल्या. "लई इचित्र हायस गं!"

मी थक्क झालो. तिने देवाला धक्का लावला नाही आणि दोन तांबे पाणी पोटात घातलं. अशी फार्मासिस्ट खाली बसलीय म्हणून मी वर निवांत बसतो, हे त्या दिवशी मी तिला सगळ्या स्टाफसमोर सांगितलं. ती म्हणाली, "सर, खाली गिऱ्हाईक खोळंबलंय."

शिवाप्पांनी अंगणापल्याडचा संडास घराशेजारी घेतला, खुर्चीसारखं बसायचं भांडं लावलं. महिन्याने अक्का आल्या, भिंत न धरता. मी विचारलं, "सिरप लागू पडलं ना?"

"तुमचं औषध काय म्हाईत न्हाई," त्या म्हणाल्या, "पोरीचं तीर्थ लागू पडलं."

औषध निवडायला मला एक मिनिट लागलं होतं. कशाबरोबर घेता, हे विचारायला अर्धंच लागलं असतं. आता रोज विचारतो. सुनीताही विचारतेच. माझ्यावर तिचा अजून पुरता भरवसा नाही, आणि ते बरंच आहे.