चिंचेने घासलेला सम्राट

काल हिने माझा रोमन सम्राट चिंचेने घासला.

दिवाळीसाठी देवाची भांडी काढली होती. ताम्हन, समई, निरांजनं आणि त्यांच्या शेजारी मी विसरलेलं, नखाएवढं काशाचं नाणं. रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळातलं. त्यावरचा चेहरा कोणाचा, ते मी आठ दिवस भिंग लावून शोधत होतो. त्या काळातले सम्राट म्हणजे एक बाप आणि तीन मुलगे. चौघांना एकच नाक, एकच मुकुट. फरक काय तो कडेच्या अक्षरांत, आणि ती हिरव्या गंजाच्या आधाराने कशीबशी तग धरून होती.

"घरात गंज कशाला ठेवायचा?" म्हणत हिने ते लख्ख करून माझ्या तळहातावर ठेवलं. अक्षरं गेली, मुकुट गेला, नाकही गेलं.

"अगं, सम्राट पुसलास तू!"

"कोणता?"

"तेच तर शोधत होतो."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नव्हतं. मग एवढा त्रागा कोणासाठी?"

जगाने ओळखावं म्हणून त्या माणसाने हजारो नाण्यांवर आपला चेहरा उमटवला, आणि त्याला पुसायला चिंचेचं एक बुटुक पुरलं.

आज सकाळी सवयीने पुन्हा भिंग धरलं. त्या चकचकीत काशात एक पुसट चेहरा दिसला. फुगीर नाक, टकलापर्यंत मागे गेलेलं कपाळ.

याला मात्र मी लगेच ओळखलं.