जांभ्यावरची हिरवी अक्षरं

कुसुमताई गेल्याची बातमी आली तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होते. शिपाई दारात उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "बाई, ड्रॉइंगच्या बाई गेल्या. पहाटे, झोपेतच. अध्यक्षसाहेबांनी शाळेला सुट्टी दिल्यानी." मुली माझ्याकडे बघत राहिल्या. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. संस्थेच्या ज्या अध्यक्षाला ही शाळाच बंद व्हायला हवी होती, त्याने तिच्या नावाने पहिलं काय केलं, तर शाळेला कुलूप लावलं! मी शिपायाला म्हटलं, "बाकीचे वर्ग सोड. माझा सुटणार नाही." मग मुलींना वह्या काढायला लावल्या आणि आपल्या शाळेचं दार काढा म्हणून सांगितलं. बऱ्याच जणी रडत रडत काढत होत्या. त्यांच्यामागे उभी राहून मीही रडून घेतलं.

आज दोन महिने होत आले. पुरवणीच्या संपादकांनी लेख मागितला, तेव्हा 'हृद्य आठवणी' लिहा असं सुचवलं होतं. लिहिते, पण हृद्य वगैरे होईल असं वाटत नाही. कुसुमताई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, मूळची मालगुंडची. रत्नागिरीत आमच्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायला आली आणि एकटीच राहिली. बुटकी, तरातरा चालणारी, खांद्याला कायम कापडी पिशवी. वाद घालायची तिला भारी हौस, आणि वाद संपला की समोरच्याला आग्रहाने चहा पाजायची. तिच्याशी भांडलेला माणूस उपाशी घरी गेल्याचं मला आठवत नाही.

तिचा धाकटा भाऊ बोटीवरची नोकरी सोडून फ्रान्समध्ये मार्सेय बंदरात स्थायिक झाला होता. ब्याऐंशीच्या मे महिन्याच्या सुट्टीत त्याने तिला बोलावून घेतलं. सगळ्या गावाने तिला आयफेल टॉवरची आठवण करून दिली. ही बाई महिनाभर आगगाडीने फिरली ती शाळा आणि विद्यापीठं बघत! सुरुवात चुकूनच झाली म्हणायची. भावाच्या घराजवळ एक जुनी प्राथमिक शाळा होती आणि तिच्या दारावर दगडात कोरलं होतं, 'मुलींची शाळा'. रंगवलेलं नव्हे, पाटी ठोकलेली नव्हे... कोरलेलं. "अगो, पाटी उद्या कुणीही उतरवून ठेवील," ती मला सांगायची, "कोरलेलं काढायचं तर भिंत पाडायला लागते. मुलींना शिकवायचं ठरवलं तेव्हाच त्यांनी मागे फिरायची वाट बंद करून टाकलीनी." त्यानंतर तिला दुसरं काही बघावंसंच वाटलं नाही.

माँपेल्ये नावाच्या गावात चर्चच्या भिंतीला भिंत लावून एक जुना मठ आहे आणि त्यात वैद्यकीचं विद्यालय भरतं. चर्चच्या दारात दोन अजस्र गोल खांब, आणि शेजारच्या दारातून हातात वह्या घेतलेली पोरं आत-बाहेर करतायत. तिला खांबांपेक्षा पोरांचं कौतुक. पॅरिसला तर तिने कमालच केली. तिथल्या सगळ्यात जुन्या विद्यापीठाच्या चौकात भिंतीवर सूर्यघड्याळ आहे आणि एका बाजूला घुमटाचं देऊळ, म्हणजे त्यांचं चॅपेल. दारावरचा पहारेकरी तिला आत सोडेना. हिने त्याला चक्क मराठीत सुनावलं, "मी शिक्षिका आहे. माझ्या शाळेचं दार सगळ्यांना उघडं असतं. तुमचं का नाही?" आणि तिथेच पायरीवर बसून त्याच्या दाराचं चित्र काढायला घेतलं. चित्र पुरं होईपर्यंत तो मागे उभा राहून बघत होता. मग त्याने स्वतःच दार उघडलं. हा प्रसंग ती सांगायची तेव्हा पहारेकऱ्याची मान कशी वळत होती तेही करून दाखवायची.

परत आल्यावर वाचनालयात तिचं व्याख्यान ठेवलं. स्लाइड दाखवायचं यंत्र मुद्दाम मागवलं होतं. लोक नटूनथटून पॅरिस बघायला आले आणि हिने तासभर शाळांची दारं, जिने आणि बाकं दाखवली. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलंच, "बाई, टॉवर कधी येताहा?" ती म्हणाली, "टॉवर बघायला तुम्ही जाल तेव्हा बघा. ह्या शाळा तुम्ही बघणार नाही म्हणून मी दाखवत्ये." हशा झाला, पण उठून कुणी गेलं नाही.

पुढच्याच वर्षी आमच्या शाळेचा प्रश्न आला. शाळा भर बाजारात, जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेली, जुनी. संस्थेने ठरवलं की ती पाडायची, त्या जागी दुकानांचे गाळे काढायचे आणि मुलींना मुलांच्या शाळेत दुपारच्या पाळीला पाठवायचं. आता संगमेश्वराकडून, जयगडाकडून येऊन नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुली आमच्याकडे कितीतरी. दुपारची पाळी सुटून अंधारात परतायचं म्हटल्यावर त्यातल्या निम्म्या घरी बसल्या असत्या, हे सांगायला ज्योतिषी नको होता. सभेत कुसुमताईने पुन्हा फ्रान्स काढलं. अध्यक्ष हसून म्हणाले, "बाई, तिकडे दगड आहे. आपला हा जांभा, म्हणजे मातीच. त्याला कसला आलाय इतिहास?" ती उभीच होती. "तुलूझ गावात दगड मिळत नाही," ती म्हणाली, "सगळं गाव मातीच्या भाजलेल्या विटांचं, आपल्या जांभ्यासारखं लाल. तिथे एका रंगाच्या व्यापाऱ्याची हवेली आहे. तिची शाळा झाली, आणि ती अजून भरते. व्यापाऱ्याच्या घराची त्यांनी शाळा केलीनी, आणि तुम्ही शाळेचे गाळे करायला निघालात." निर्णय पुढच्या सभेवर गेला.

ती मात्र पुढच्या सभेची वाट बघत बसली नाही. सुट्टीत तिने चिरेखाणीवरचा एक पाथरवट गाठला आणि दारावरच्या भिंतीत 'मुलींची शाळा' कोरायला सांगितलं. तो बिचारा म्हणाला, "बाय, जांब्यात अक्षर नाय उठायचा. सगली भोकाच हायेत त्येत." पण ती कुणाचं ऐकते! वीतभर उंचीची अक्षरं तिने स्वतः शिडीवर चढून आखली आणि त्याच्याकडून खोल कोरून घेतली. झालं तेच, जे तो म्हणाला होता. जांभ्याला आधीच इतकी भोकं, की त्यात अक्षरं हरवून गेली. खालून बघणाऱ्याला वाटावं, भिंतीला देवी आल्या होत्या. गावभर चेष्टा झाली. अध्यक्ष तर येताजाता विचारायचे, "काय बाई, वाचता येतं का काही?" म्हणूनच असेल, ती अक्षरं बुजवायची तसदी कुणी घेतली नाही.

श्रावणात सगळी भिंत शेवाळली. कुसुमताई शिडी लावून चढली आणि हातात काथ्याचा कुंचला घेऊन अक्षरांच्या भोवतीची भिंत घासून लाल केली. अक्षरांच्या आतलं शेवाळ तेवढं ठेवलं. खाली उतरून मागे सरली, आणि रस्त्यापलीकडून मला हाक मारली, "इकडे येऊन बघ गो!" लाल भिंतीवर हिरवीगार अक्षरं... बाजारातला आंधळासुद्धा वाचील अशी. दुसऱ्या दिवसापासून लोक थांबून बघायला लागले. पालक आले, माजी विद्यार्थिनी आपापल्या लेकींना घेऊन आल्या. पुढच्या सभेत गाळ्यांचा विषय कुणी काढला नाही. तेव्हापासून दर श्रावणात ती भिंत घासायची, आणि अध्यक्ष दर श्रावणात दुसऱ्या रस्त्याने जायचे.

तिच्या शोकसभेत तेच अध्यक्ष बोलायला उठले. बोलता बोलता त्यांनी डोळे पुसले, आणि ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण मग त्यांनी जाहीर केलं की शाळेच्या जागी नवी इमारत होईल, खाली गाळे, आणि वरच्या मजल्यावर कुसुमताईंच्या नावाचं कलादालन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! मी जागेवरूनच म्हटलं, "तिचं नाव तुमच्या गाळ्यांवर नको. तिने नाव आधीच कोरून ठेवलंय, आणि ते तिचं स्वतःचं नाही, मुलींचं आहे." अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्ही आत्ता दुःखात आहात." हो, आहे. पण दुःखात माणसाला वाचता येत नाही असं थोडंच आहे?

येत्या महिन्यात नव्या इमारतीसाठी संस्थेची पुन्हा सभा आहे. माझी निवृत्ती दोन वर्षांवर आलीय आणि मला शिडीची भीती वाटते, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पण श्रावण लागला, भिंत शेवाळली, आणि गेल्या रविवारी मी कुसुमताईच्या खोलीतून तिची कापडी पिशवी आणली. आत रंगांच्या चार नळ्या आणि तो काथ्याचा कुंचला, एका बाजूने झिजून पार तिरका झालेला. ती डावखुरी होती, म्हणून तो माझ्या हाताला उलटा बसतो. तरी चढले. खाली शिपायाने शिडी धरली होती आणि बाजार मान वर करून बघत होता. अक्षरांभोवतीची भिंत घासण्यात अर्धी सकाळ गेली. खाली उतरले तेव्हा समोरून अध्यक्षांची गाडी येत होती. यंदा दुसऱ्या रस्त्याने जायचं ते विसरले असावेत. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले, कुंचला हातात तसाच होता. गाडी थांबली, काच खाली झाली. मी भिंतीकडे बोट दाखवलं... त्यांना वाचावंच लागलं.