बाबांचे कागद परभणीला गेले

आज बाबांचे कागदही घर सोडून गेले.

बाबांना जाऊन आज वर्ष झालं.

रेल्वेत फार मोठ्या हुद्द्यावर होते ते. झरीच्या शेतकऱ्याचा मुलगा, पण रिटायर झाले तेव्हा अख्खा झोन त्यांच्या हाताखाली होता.

पुण्यात फ्लॅट घ्या, असं सगळे म्हणाले.
ते सेलूला आले. आईच्या माहेरगावी.

आणि इथं पुन्हा फायली सुरू झाल्या.
पाण्याच्या टाकीसाठी अर्ज. स्टेशनवरच्या पुलाचा पाठपुरावा. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलींसाठी वसतिगृह.

"साहेबकी संपली की हो तुमची," आई म्हणायची. "आता तरी टायमावर जेवा."

"दोन मिनिटं," म्हणायचे. भाजी गार व्हायची.

ते "दोन मिनिटं" ऐकायला कान आसुसलेत.

ते गेल्यावर आईनं एक कागद हलवू दिला नाही. मी नांदेडहून आले की ती कपाट उघडून नुसती बसलेली असायची.
"त्यांचं अक्षर हाय गं," एवढंच.

परभणीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या मॅडम आज आल्या. बाबांचे कागद कॉलेजात नीट जपू, मुलं वाचतील, असं फोनवर म्हणाल्या होत्या.

आईनं चहा दिला. कपाटाची किल्ली दिली नाही.

"मी त्याच वसतिगृहात राहून शिकले, काकू," मॅडम म्हणाल्या. "गंगाखेडकडची मी. आई-बाप ऊस तोडायला जायचे. साहेबांनी आमच्या गावात बैठक घेतली, ठरावावर सगळ्यांचे अंगठे घेतले. माझ्या आईचा पण असंल त्यात."

त्यांनी कप खाली ठेवला.

"आई गेली. तिचा एक फोटो न्हाई माझ्याकडं."

आई उठली. वसतिगृहाची फाईल तिनं स्वतःच काढून दिली.

अंगठ्यांच्या रांगा. प्रत्येक अंगठ्याशेजारी बाबांच्या अक्षरात नाव.

मॅडमचं बोट खाली सरकत सरकत एका नावाशी थांबलं. मग शेजारच्या निळ्या ठशावर त्यांनी आपला अंगठा अलगद टेकवला.
कितीतरी वेळ तसाच.

आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.
"बाई, तुमी समदं घेऊन जा. लोकांचं हाय ते. मी असं कुलपात घालून बसले तर वाळवी खाईल."

बाबा बदलीच्या गावी असताना तिला पत्रं लिहायचे. तो गठ्ठा तेवढा तिनं उचलून मांडीवर घेतला.
"हे न्हाई. हे माझं हाय."

मॅडमची गाडी वळली आणि आई दारातच खाली बसली. वर्षभरात पहिल्यांदा मोठ्यानं रडली. तिच्या शेजारी मीही.

संध्याकाळी दिवा लावताना म्हणाली, "ते असते तर फायलींसंगट गाडीत जाऊन बसले असते बघ."

हसलो दोघी.

बाबा, घर लय मोठं वाटायलंय.
तुम्ही हवे होतात.

आईचा आणि माझा तुम्हाला नमस्कार.