चीज थुंकणारी लेनोर

विस्कॉन्सिनातल्या एका चीज कारखान्यात लेनोर झुमकेरची जीभ सांगेल ते प्रमाण. चकतीत पोकळ सळी खुपसायची, चीजची कांडी काढायची, हुंगायची, चघळायची आणि बादलीत थुंकायची. परीक्षकांची रीतच ती, नाहीतर दिवसभरात पोट फुटेल. पण लेनोरने ही रीत घरीही नेली. साय काढलेलं दूध, कोरडा टोस्ट, लोणी वर्ज्य, वर रोज दहा मैल धावणं. ज्या गावात बर्गरवरही लोणी थापतात, तिथे ही बया उकडलेल्या ब्रोकोलीवर जगत होती. धन्य तिची!

दीड वर्षापूर्वी पाळी चुकली तेव्हा ती आणि नवरा ड्वेन हरखून गेले. मूल हवंच होतं. पण चाचणीत काही नाही, आणि पाळी जी गेली ती परतलीच नाही. शेवटी तिने डॉक्टर गाठली.

"काम काय करता?"

"चीज चाखते."

"गिळता की नाही?"

"छे!"

डॉक्टरीणबाई खो खो हसल्या. मग म्हणाल्या, "धावता घोड्यासारख्या आणि खाता चिमणीएवढं. शरीराला वाटतं, दुष्काळ पडलाय. मग ते पाळीचे हार्मोन्स बनवणंच आवरतं घेतं. पोटभर जेवा. साय, लोणी, चीज, सगळं येऊ दे. धावणं निम्मं करा. हमी देत नाही, पण करून बघा."

दुसऱ्या दिवशी लेनोरने पहिला तुकडा गिळला. शेजारचा म्हातारा परीक्षक एमिल ओरडला, "अगं बाई, गिळलंस? आता तू आमच्यातून उठलीस!"

महिन्याभरात जीन्सचं बटण लागेना. ती आरशासमोर रडली. ड्वेन म्हणाला, "नवी घेऊ. दोन घेऊ."

असं खायला लागल्याच्या पाचव्या महिन्यात, एका रविवारी सासूबाईंकडे जेवायला बसले असताना लेनोर न्हाणीघरातून धावत आली. "ड्वेन! पाळी आली!"

ड्वेनने चमचा टाकून तिला उचललंच. दोघंही हसतहसत रडायला लागले.

सासूबाई अर्लिस कपाळाला हात लावून म्हणाल्या, "नातवंडाची वाट बघून माझे डोळे शिणले, आणि तुम्ही ह्याचा सण करताय?"

लेनोरने सगळं सांगितलं. मग अर्लिसनी सुनेच्या बटाट्यांवर लोण्याचा अख्खा गोळा ठेवला आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"खा. बघतेच मी, कशी खात नाहीस ती."