स्टेअरिंग कोणी सोडलं?

त्या जीपचं प्रकरण आठवलं की आजही मला स्वतःचा अभिमान वाटतो. निवृत्त माणसाने असं उघड लिहू नये म्हणतात, पण मी लिहिणार. नोकरीत मी दरोडेखोर पकडले, खुनाचे गुन्हे उघडकीला आणले, वरिष्ठांकडून शाबासकी घेतली. ते सगळं खात्याचं काम होतं. हे प्रकरण मात्र मी माझं समजतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सिंधुदुर्ग जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मी मूळचा कोल्हापूरकडचा, बदलीवर मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा चार्ज घ्यायला आलो. पहिल्याच आठवड्यात हवालदारांनी प्रलंबित गुन्ह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि वरचं प्रकरण उघडून म्हणाले, "साहेब, हे तयार आहे. फक्त तुमची सही."

प्रकरण साधं दिसत होतं. एका आंबा बागायतदाराची नवी जीप त्याचा ड्रायव्हर चालवत होता. कसालच्या बाजारातून परत येताना त्याने आपल्या सासऱ्यांना सोबत घेतलं होतं. त्यांना तोंडवलीला घरी सोडायचं होतं. वाटेत एका उतारावरच्या वळणावर जीप रस्ता सोडून खाली कोसळली. सासरे जागीच गेले. ड्रायव्हर वाचला आणि रक्ताने माखलेल्या शर्टाने स्वतःच ठाण्यात खबर द्यायला आला. हयगयीने मृत्यूला कारणीभूत झाल्याबद्दल, म्हणजे कलम ३०४-अ खाली, त्याच्यावरच गुन्हा दाखल झाला होता.

त्याच्या खबरीत एक वाक्य होतं: 'स्टेअरिंग सोडल्याने जीप खाली गेली.'

आणि त्या वळणावर राखणदाराचं, म्हणजे वाटसरूंना सांभाळणाऱ्या देवाचं, स्थान आहे. झाडाखाली एक दगड, त्याला कोणी फूल वाहतो, कोणी विडी ठेवतो. त्या रस्त्याने जाणारा प्रत्येक ड्रायव्हर तिथे हॉर्न वाजवतो आणि नमस्कार करतो. काही जण एक हात छातीला लावतात, काही भाविक महाशय दोन्ही हात जोडतात आणि तेवढ्यापुरती गाडी राखणदाराच्या स्वाधीन करतात. मी स्वतः एकदा एस.टी.च्या ड्रायव्हरला तसं करताना बघितलं होतं. त्यामुळे सगळ्या गावाने हिशोब मांडून टाकला की याने नमस्काराला हात सोडले आणि सासऱ्याला मारलं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण गावात चालते. त्याची बायको वडिलांच्या दहाव्यानंतर सासरी परतलीच नाही. तिच्या भावाने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय, आता आमच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही.

जीपची तपासणी झाली होती. पण पुढचा सगळा भाग चेपलेला, त्यामुळे 'मोडतोड कोसळल्यामुळे झालेली दिसते' एवढाच शेरा होता.

सही करण्याआधी आरोपीला एकदा बघायचं, ही माझी सवय. मी ड्रायव्हरला बोलावलं. तिशीचा, खांदे पडलेला माणूस. ठाण्यात आल्यावर इथली माणसं करतात तसं तोही पुस्तकी मराठीत बोलू लागला.

"तू स्टेअरिंग सोडलंस का?"

"नाही साहेब. आईची शपथ."

"मग खबरीत हे काय लिहिलंय? 'स्टेअरिंग सोडल्याने जीप खाली गेली.' हे तू सांगितलंस ना?"

"होय साहेब. तसंच झालं."

"अरे, एकदा नाही म्हणतोस, एकदा होय म्हणतोस. माझी थट्टा करतोस का?"

त्याने डोळ्याला बाही लावली. हवालदार बाजूला उभे होते. सातारकडचे, सरळ आणि कष्टाळू गृहस्थ, खबर त्यांनीच लिहून घेतली होती. ते म्हणाले, "साहेब, हा पहिल्यापासून असंच करतो. मी दोनदा वाचून दाखवलं, दोन्ही वेळा होय म्हणाला. घरी गेला की फिरतो."

मला मात्र चैन पडेना. खोटं बोलणाऱ्याची एक पद्धत असते. तो एक बाजू धरतो आणि चिकटून बसतो, किंवा तुमची नजर चुकवून हळूहळू सरकतो. हा माणूस दोन उलट्या गोष्टी माझ्या डोळ्यांत बघून, सारख्याच खात्रीने सांगत होता. असा आरोपी मी त्याआधी पाहिला नव्हता. हवालदारांना म्हटलं, सही आज नाही. त्यांना ते आवडलं नाही, आणि मी त्यांच्या आवडीनिवडीसाठी तिथे आलो नव्हतो.

पुढे काही दिवसांनी जामसंड्याचा एक आंब्याचा व्यापारी ठाण्यात येऊन थडकला. भरदार मिशा, चढलेला पारा. मालवणला पाहुण्यांकडे येताना त्याची जीप आमच्या हद्दीत शेतात घुसली होती. शेत सपाट, म्हणून कोणाला खरचटलंही नव्हतं. पण त्याला जीप विकणाऱ्या एजन्सीवर फसवणुकीची तक्रार द्यायची होती.

त्या वर्षी एका कंपनीने आपली जुनी दणकट जीप बदलून नवीन रूपात आणली होती. वर पत्र्याचं छप्पर, आत गुबगुबीत बैठक, पुढचा भाग सगळा नव्याने केलेला. किनाऱ्यावरचे बागायतदार त्या गाडीवर अगदी भाळले होते. व्यापाऱ्याने तिचे गुण गायला सुरुवात केली.

"सायबानू, मागचा दार आपणाहून उघडता. पाणी पडला की भायर कमी, भितुर जास्त. चढणीर इंजिन असा तापता की वर चाय करून घ्येवची! ता सगळा सोसलंय. पण आज गाडयेन स्टेरिंग सोडल्यान!"

मी लिहिता लिहिता थांबलो. "ड्रायव्हरने स्टेअरिंग सोडलं?"

"ड्रायवर मीच! मी कित्या सोडतलंय? गाडयेन सोडल्यान म्हणतंय मां! मी फिरवतंय, फिरवतंय, आणि चाकांका खबरच नाय!"

मी त्याला ते परत म्हणायला लावलं. मग आमच्यातल्या एका इथल्याच शिपायाला आत बोलावलं आणि विचारलं, "सोडल्यान म्हणजे काय रे?"

"त्याने सोडलं, साहेब. किंवा तिने. केल्यान म्हणजे त्याने केलं, सांगल्यान म्हणजे त्याने सांगितलं."

"आणि मी सोडलं, हे कसं म्हणाल?"

"मिया सोडलंय."

मी कपाटातून ती खबर काढली आणि वाक्य त्याच्यापुढे धरलं. तो वाचून आधी हसला. मग त्याचं हसू गेलं.

गोष्ट अशी घडली होती. ड्रायव्हर भेदरलेला, मालवणीत बोलत होता. तो म्हणाला, 'स्टेरिंग सोडल्यान, जीप खाली गेली.' म्हणजे, गाडीने स्टेअरिंग सोडलं. सातारच्या हवालदारांच्या कानांना ऐकू आलं 'सोडल्यानं', आणि त्यांनी शुद्ध मराठीत लिहिलं 'सोडल्याने'. वाचून दाखवलं तेव्हा ड्रायव्हरला पुन्हा आपलं 'सोडल्यान'च ऐकू आलं आणि त्याने मान हलवली. दोघेही प्रामाणिक. एका मात्रेने एक माणूस खुनी ठरला होता. हवालदारांनी ती खबर हातात घेतली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचली.

पण शब्दाचा उलगडा म्हणजे पुरावा नव्हे. व्यापाऱ्याची जीप चेपलेली नव्हती, ही आमची खरी कमाई. मोटार वाहन निरीक्षकांना बोलावून पंचांसमक्ष तिचा पुढचा भाग उघडला. स्टेअरिंगचा दांडा चाकाशी जिथे जोडतात तिथे एक नट असतो, आणि तो फिरून निघू नये म्हणून त्यात एक पिन घालतात. नव्या रचनेत भोक मोठं आणि पिन बारीक होती. खड्ड्यांच्या रस्त्यावर पिन झिजून पडायची, मग नट हळूहळू फिरत निघून जायचा. नट निघाला की दांडा लोंबकळला.

मग ठाण्याच्या आवारात ताडपत्रीखाली पडलेली ड्रायव्हरची जीप, तीही त्याच एजन्सीतून घेतलेली त्याच बनावटीची, पुन्हा तपासली. तिथेही नट नव्हता. निरीक्षकांनी बोल्टवरून बोट फिरवून मला दाखवलं, आटे शाबूत होते. कोसळताना नट उपटला असता तर आटे फाटले असते. म्हणजे नट आधी निघाला आणि जीप नंतर कोसळली. हे मी त्यांच्याकडून लेखी घेतलं.

आता प्रश्न होता की हे कोणाला ठाऊक होतं. एजन्सीच्या मॅनेजरला चौकशीसाठी बोलावलं. इस्त्रीचा बुशशर्ट, गोड जीभ. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "साहेब, गाडी उत्तम आहे. आपल्या लोकांना चालवता येत नाही." अशा माणसावर ओरडून काही मिळत नाही. तो ओरडण्याचीच वाट बघत असतो, म्हणजे त्याला रुसायला जागा मिळते. मी त्याला चहा पाजला आणि म्हणालो, "गाडी उत्तम आहे ना? मग चला, ज्या वळणावर अपघात झाला ते आपण दोघे बघून येऊ. जामसंड्याच्या व्यापाऱ्याची जीप इथेच उभी आहे. तुम्ही पुढे बसा, मी चालवतो."

तो बसला. सपाट रस्त्यावर गप्पा मारत होता. उतार जवळ आला तसा त्याचा हात समोरच्या दांडीवर गेला आणि गप्पा आटल्या. मी थोडा वेग वाढवला.

"साहेब, थोडं हळू."

"का हो? गाडी उत्तम आहे."

"साहेब, गाडी थांबवा. उतारावर नको. मी चालत येतो. मी पाया पडतो तुमच्या, थांबवा!"

मी थांबवली. तो खाली उतरून रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. त्याला हे ठाऊक नव्हतं की त्या जीपला मी सकाळीच निरीक्षकांसमोर जाड पिन आणि नवा नट बसवून घेतला होता. माझ्याही घरी बायकोमुलं होती, मी काही वेडा नव्हतो.

तिथेच बसून त्याने सगळं सांगितलं. कंपनीकडून तोंडी निरोप आला होता. गाड्या सर्व्हिसिंगला येतील तशा जाड पिना घालायच्या आणि मालकांना काही बोलायचं नाही, नवीन गाडीचं नाव खराब होईल. ड्रायव्हरची जीप अजून सर्व्हिसिंगला गेलीच नव्हती. कंपनीने पाठवलेला जाड पिनांचा डबा मॅनेजरने त्याच दिवशी आपल्या वर्कशॉपमधून काढून दिला आणि आम्ही पंचनामा करून तो जप्त केला.

ड्रायव्हरविरुद्धचा गुन्हा मागे घेण्याचा अहवाल मी कोर्टाला पाठवला आणि मॅनेजरला आरोपी केलं. कंपनीच्या वरच्या साहेबांपर्यंत माझा हात पोहोचला नाही, ती सल आहे. पण जिल्हा पोलीस प्रमुखांनी माझा अहवाल उचलून धरला आणि जिल्ह्यातली त्या बनावटीची एकूण एक जीप बोलावून तिची पिन बदलली गेली. माणसं त्यातून फिरली, लग्नाला गेली, आंबे घेऊन गेली आणि घरी परत आली. त्यांना माझं नाव ठाऊक नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

एक काम कायद्यात नव्हतं, ते मी केलं. हवालदारांना बरोबर घेऊन तोंडवलीला गेलो. ड्रायव्हरची बायको दारात आली, मागे तिचा भाऊ. भावाने आम्हाला बसा म्हटलं नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. शेवटी हवालदार पुढे झाले आणि म्हणाले, "बाई, त्याने कबुली कधीच दिली नव्हती. लिहिणारा मी होतो. मला तुमची भाषा कळली नाही."

ती भिंतीला टेकून उभी होती. तिने विचारलं, "तेणी हात जोडल्यान नाय?"

"नाही," मी म्हटलं. "गाडी जाईपर्यंत दोन्ही हातांनी घट्ट धरून होता. त्याच्या दोन्ही मनगटांना मार आहे, डॉक्टरांच्या दाखल्यात तसं लिहिलंय."

ती आत गेली. मला वाटलं, झालं, आता दार लागणार. भाऊही मान खाली घालून उभा राहिला.

त्या दिवसानंतर आमच्या ठाण्यात मी एक शिस्त घातली. माणूस ज्या भाषेत बोलेल त्याच भाषेत त्याचे शब्द आधी उतरवायचे, शुद्ध मराठी नंतर, आणि प्रत्येक क्रियेला विचारायचं की ही कोणी केली. पुढे जिथे जिथे बदली झाली तिथे मी ही शिस्त नेली. नवीन पोरं कुरकुरायची, वेळ जातो म्हणायची. मी त्यांना एवढंच शिकवलं की पोलिसाला कायदा पुस्तकातून मिळतो, पण गुन्हा माणसाच्या तोंडून ऐकायचा असतो, आणि ऐकण्याचं काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही. हे मला त्या एका शब्दाने शिकवलं आणि मी ते नोकरीभर पाळलं, म्हणून अभिमान.

तोंडवलीच्या त्या दारात आम्ही परतायला वळलो होतो. तेवढ्यात ती बाहेर आली. हातात कपड्यांचं बोचकं होतं, पायात चपला. भाऊ म्हणाला, "खंय चललंस गो?"

"माझ्या घराक," ती म्हणाली. "तो माणूस इतके दिस एकलो रडता आसा."